सगळी मतं एका नावावर
(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीच्या तरुण पोरांनी आम्हांला विषय दिला तो 'बाबासाहेब आणि निवडणुका'. आम्ही त्यांना म्हटलं, बाबांनो, आम्ही गिरणीतला माणूस. त्रासन खात्यात आयुष्य गेलं. शाळा सातवीपर्यंत, पुढचं शिक्षण रात्रपाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर झालेलं. एवढा मोठा विषय आमच्या पदरात मावायचा नाही. तेव्हा पोरं म्हणाली, काका, मग तुम्हाला जेवढं माहीत आहे तेवढं बोला. म्हणून आज आम्ही एकच निवडणूक घेतो. १९३७ सालची, मुंबई प्रांताच्या विधानसभेची. ती आम्ही पुस्तकातून वाचली आहे आणि आमच्या आज्याच्या तोंडून ऐकलीही आहे. पुस्तक आणि आजा यांच्यात जिथं मेळ बसतो तेवढंच आज तुमच्यापुढं मांडणार आहोत.

आधी एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. आज अठरा वर्षं पूर्ण झाली की यादीत नाव लागतं. बाई असो, बाप्या असो, झाडूवाला असो की बंगलेवाला, मत एक. आपल्याला वाटतं, हे असंच पूर्वापार चालत आलं असेल. तसं नव्हतं. १९३७ साली ब्रिटिश हिंदुस्थानात मताचा हक्क असलेले लोक साधारण शंभरात चौदा होते. शेतसारा किती भरता, घरभाडं किती देता, शिक्षण किती झालं, यावर नाव यादीत चढायचं. म्हणजे ज्याच्याकडं काही आहे त्यालाच विचारणार, तुला कोण पाहिजे म्हणून. ज्याच्याकडं काही नाही त्याला विचारणारच नाही. आणि त्याच्या आधी, १९१९ च्या कायद्याखाली, हा आकडा याहूनही पुष्कळ खाली होता.

बाबासाहेबांनी हा प्रश्न किती लवकर धरला ते बघा. १९१९ च्या जानेवारीत साउथबरो कमिटीपुढं त्यांची साक्ष झाली, तेव्हा त्यांचं वय २७ वर्षांचं. साक्षीत त्यांनी अस्पृश्यांना मत मिळावं आणि त्यांचे प्रतिनिधी त्यांनीच निवडावेत असं सांगितलं. सरकारनं काय दिलं? मुंबईच्या कायदे कौन्सिलात सरकारनियुक्त एक माणूस. सबंध प्रांताच्या अस्पृश्यांमागं एक, आणि तोही निवडून आलेला नव्हे, नेमलेला. त्याच कायद्यात मराठा आणि तत्सम जातींना सात राखीव जागा दिल्या होत्या. हे आम्ही कुणाच्या द्वेषानं सांगत नाही. पण राखीव जागा ही फक्त आपल्यासाठीच काढलेली काही भानगड आहे, असं आजकाल जे बोलतात त्यांना हे सांगायला हवं. १९२७ साली खुद्द बाबासाहेब कौन्सिलात गेले ते नेमणुकीनंच. डॉ. सोळंकी हे दुसरे. १९२८ ला सायमन कमिशनपुढं त्यांनी वयात आलेल्या प्रत्येकाला मत मागितलं, आणि कौन्सिलच्या १४० जागांपैकी २२ जागा अस्पृश्यांना मागितल्या. त्या काळी भलेभले पुढारी प्रौढ मतदानाचं नाव काढायला कचरत होते.

पुणे कराराबद्दल आम्ही इथं फार बोलत नाही. प्रत्येक सभेत त्यावर बोलणं होतंच. १९३२ च्या सप्टेंबरात तो झाला, स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि त्या बदल्यात राखीव जागांचा आकडा वाढला. मुंबई प्रांताच्या वाट्याला १५ राखीव जागा आल्या. विधानसभा १७५ जागांची. पण आपल्याला आजच्या विषयापुरतं एवढंच पाहायचं की, या १५ जागांवर कोण निवडून येणार हे आता सगळ्या हिंदू मतदारांच्या हातात गेलं. जागा आपली, माणूस आपल्या जातीचा, पण त्याला निवडणार गावचा पाटील, खोत, सावकार, व्यापारी. कारण यादीत नावं त्यांची जास्त.

मग या पेचातून वाट कशी काढली? इथं आमच्या विषयाला खरी सुरुवात होते.

पहिली गोष्ट म्हणजे बाबासाहेबांनी १९३६ च्या ऑगस्टमध्ये पक्ष काढला, आणि त्याला नाव दिलं 'स्वतंत्र मजूर पक्ष'. नावात जात नाही, मजूर आहे. जाहीरनाम्यात गिरणी कामगार, कुळं, शेतमजूर, बेकार, शिक्षण या गोष्टी. उमेदवार उभे केले फक्त सतरा. १७५ च्या सभेत सतरा! आजचा एखादा पक्ष असता तर पावणेदोनशे तिकिटं वाटून मोकळा झाला असता. आणि या सतरांत अनंतराव चित्रे, शामराव परुळेकर यांच्यासारखे सवर्ण समाजात जन्मलेले कार्यकर्तेही होते. महाडच्या सत्याग्रहापासून जे सोबत आले त्यांना बाबासाहेब विसरले नाहीत. तेव्हा 'तो एका जातीचा पक्ष होता' हे म्हणणं साफ चुकीचं आहे.

दुसरी गोष्ट मतदानाची रीत. ही थोडी किचकट आहे, पण नीट ऐका.

त्या वेळी एका मतदारसंघात एकापेक्षा जास्त जागा असायच्या. समजा तीन जागा आहेत, त्यातली एक राखीव. तर प्रत्येक मतदाराला मतं तीन. काही प्रांतांत असा नियम होता की एका उमेदवाराला एकच मत द्यायचं, बाकीची दुसऱ्यांना वाटायची. मुंबई प्रांतात तसा नियम नव्हता. इथं मतदाराला मुभा होती, तिन्ही मतं तीन उमेदवारांना वाटा, नाहीतर तिन्हीच्या तिन्ही एकाच उमेदवाराच्या नावावर टाका. इंग्रजीत याला 'क्युम्युलेटिव्ह' म्हणतात. आमचा आजा याला 'ढिगाचं मत' म्हणायचा.

आता हिशोब करा. गावात तीस मतदार, त्यातले दहा आपले. दहांनी आपापली तीन मतं तिघांना वाटली, तर आपल्या माणसाला मिळाली दहा. पण दहांनी तिन्ही मतं ढिगानं आपल्याच माणसाला दिली, तर झाली तीस. विरोधातले वीस जण आपली मतं तिघांत वाटत बसले, तर त्यांच्या राखीव जागेच्या उमेदवाराला पडली वीसच. थोडे लोक जास्तांवर भारी पडू शकतात, पण एका अटीवर, की त्या थोड्यांतला एकही इकडं-तिकडं सरकता कामा नये. एकानं जरी 'मालकांचा शब्द मोडवत नाही, त्यांनाही एक देतो' म्हटलं, की ढीग पडला. आणि ज्याच्या शेतात राबायचं, ज्याच्या खात्यात बदली मागायची, त्याचा शब्द मोडणं काही सोपं नव्हतं.

तिसरी गोष्ट, यादी. १९३५ च्या कायद्यात अस्पृश्यांसाठी मताची अट थोडी सैल केलेली होती. आमच्या लोकांना नुसतं लिहिता-वाचता आलं तरी नाव लागू शकत होतं. आणि गावात कनिष्ठ गावकामगाराचं काम करणाऱ्या अस्पृश्यालाही मत होतं. म्हणजे महारकी करणाऱ्याला! बघा, कसा खेळ आहे. ज्या वतनापायी आमच्या बापजाद्यांनी तराळकी केली, रात्री-अपरात्री टपाल वाहिलं, ढोरं ओढली, सरकारी माणसाच्या घोड्यापुढं पळाले, त्याच वतनानं त्यांच्या हातात मत दिलं. आणि ते मत त्यांनी कुणाला दिलं? जो माणूस १९२८ सालापासून ते वतन नष्ट करायला कौन्सिलात भांडत होता त्याला.

आता आमच्या आज्याची गोष्ट सांगतो. ही काही इतिहासाच्या पुस्तकात सापडणार नाही.

आमचा आजा सातारा जिल्ह्यातला. वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी मुंबईला आला आणि त्रासन खात्यातच लागला. साचे खात्यात आपल्या लोकांना घेतच नव्हते, कारण बाबीन बदलताना धागा तोंडानं ओढून धोट्यातून काढावा लागायचा, आणि आपला तोंड लागलेला धोटा दुसऱ्याला चालत नव्हता. पगार साचे खात्यात जास्त, पण तिथं शिवाशीव. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हाच मुद्दा काढला होता, आणि संपाच्या पुढाऱ्यांना तो मागण्यांत घ्यायला लावला होता.

तर आजा परळला एका खोलीत राहायचा. खोली एक आणि माणसं अकरा. सगळी एका तालुक्यातली, गिरणीतली. काही दिवसपाळीला, काही रातपाळीला, म्हणून झोपायला जागा पुरायची. भाडेपावती आज्याच्या चुलतभावाच्या नावावर. आम्ही त्यांना थोरले आबा म्हणत असू, आम्ही जन्मलो तेव्हा ते हयात नव्हते. मतदार यादीत नाव लागलं ते फक्त थोरल्या आबांचं. अकरांत एक मत! आज्याला तेव्हा अक्षर ओळख होती. रात्रीच्या वर्गाला जाऊन तो सही करायला, पाटी वाचायला शिकला होता. कुणीतरी सांगितलं की वाचता येणाऱ्यालाही मत आहे, तेव्हा तो नाव नोंदवायला एका कचेरीत गेला. तिथल्या कारकुनानं त्याला वाचायला कागद दिलाच नाही. 'उद्या ये' म्हणाला. आजा खाडा करून दुसऱ्या दिवशी गेला, पुन्हा 'उद्या ये'. तिसरा खाडा परवडणारा नव्हता. राहिलं ते राहिलंच. ही गोष्ट सांगताना आजा म्हातारपणीसुद्धा गप्प व्हायचा. तंबाखूची चिमूट काढायचा आणि मग पुढं बोलायचा.

मग अकरा जणांनी ठरवलं, मत थोरल्या आबांचं एकट्याचं नाही, खोलीचं आहे. आबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. स्वभाव भिडस्त. कुणी 'राम राम' घातला तर त्याच्यासाठी जीव टाकणारा माणूस. सगळ्यांना भीती ही, की आबा आत जाऊन भिडेपोटी मतं वाटतील. म्हणून मतदानाच्या आधी आठवडाभर रोज रात्री खोलीत शिकवणी. जमिनीवर खडूनं चौकोन काढायचे, आबांच्या हातात चिंचोके द्यायचे. 'आबा, हितं कोन?' 'सायेब.' 'मंग चिंचोकं कुठं?' आबा एक चिंचोका बाबासाहेबांच्या चौकोनात ठेवायचे आणि दुसरा हातात घोळवत बसायचे. मग सगळे ओरडायचे, 'आरं समदी! समदी मतं एका नावावर!' रातपाळीला निघालेली माणसंसुद्धा दाराशी थांबून चिंचोके बघून जायची.

यात एक अडचण आली. आबांच्या खात्याचा जॉबर. त्यानं आबांना बोलावून घेतलं आणि म्हणाला, 'तुमच्या साहेबाला एक मत दे, माझी ना नाही. पण एक आमच्या माणसाला दे.' कोणता उमेदवार, ते आम्ही सांगत नाही. तो जॉबर गेला, त्याची नातवंडं भली माणसं आहेत. बघा, मागणी किती गोड! एकच तर मागतो. सगळं कुठं मागतोय? आबांनी खोलीत येऊन सांगितलं. खोलीत दोन तट पडले. एक म्हणाला, देऊन टाका एक, नोकरी तर राहील. आजा म्हणाला, एक दिलं की ढीग मोडला. मध्यरात्रीपर्यंत वाद. शेवटी सगळ्यांत वयानं मोठा होता तो म्हणाला की, आबाची नोकरी गेली तर दहा जणांनी मिळून आबाला खायला घालायचं. हे पक्कं असेल तर सगळी मतं सायबांना. नसेल तर आबावर जोर करायचा हक्क आपल्याला नाही.

ते पक्कं झालं. मतदानाच्या दिवशी आबांना धुतलेलं धोतर नेसवलं, एकाची टोपी, दुसऱ्याचा कोट. आणि पाळी नव्हती ते सगळे त्यांच्या मागं केंद्रापर्यंत चालत गेले. आत जायला एकालाच परवानगी. बाकीचे रस्त्याच्या पलीकडं उभे. आबा बाहेर आले ते हात झटकत. म्हणाले, 'झाला ढीग.'

आबांची नोकरी गेली. लगेच नाही, दोन महिन्यांनी, दुसरंच काही कारण दाखवून. दहा जणांनी साडेतीन महिने आबांना सांभाळलं, गावाकडची मनिऑर्डरसुद्धा वर्गणी काढून पाठवली. मग दुसऱ्या गिरणीत ते बदलीवर लागले.

आता मतदानाच्या आदल्या रात्री वस्तीत पाकिटं फिरतात, आणि आपलीच माणसं पाकीट उजेडाला धरून आत किती आहे ते बघतात. आम्ही कुणाचं नाव घेत नाही. इथं बसलेल्या ज्यांनी घेतली आहेत त्यांना माहीत आहे. पुढं बोलू.

बाबासाहेब स्वतः भायखळा-परळ भागातून उभे होते. आपल्याच गिरणगावातून. त्यांच्यासमोर काँग्रेसनं कुणाला उभं केलं? पी. बाळूंना. पळवणकर बाळू. आजच्या मुलांना हे नाव माहीत नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. बाळू चर्मकार समाजातले, धारवाडला जन्मलेले, पुण्याला वाढलेले. साहेबांच्या क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, जाळी लावायची ही कामं करता करता डावखुरे गोलंदाज झाले. १९११ साली हिंदी संघ विलायतेला गेला तेव्हा एकट्यानं शंभरावर बळी घेतले. पण पुण्यात खेळताना चहाच्या वेळी बाकीचे मंडपात चिनी मातीच्या कपातून चहा पीत, आणि बाळूंना बाहेर मातीच्या मडक्यात. चेंडू सगळे झेलायचे, चहा मात्र वेगळा! हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना शेवटपर्यंत दिलं नाही. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना ते १९२३ ला मिळालं.

हा माणूस आपल्या साऱ्या अस्पृश्य समाजाचा अभिमान होता. तरुणपणी बाबासाहेबांनाही होता. पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. आणि पाच वर्षांनी तेच दोघं एका जागेसाठी समोरासमोर. आम्ही बाळूंना शिव्या देणाऱ्यांतले नाही. आमच्या काही भाषणांत त्यांचं नाव आलं की लोक 'चमचा' म्हणून मोकळे होतात. ज्यानं मडक्यातला चहा पिऊन शंभर बळी घेतले त्याला हा शब्द शोभत नाही. चूक असेल तर ज्यांनी त्यांना बाबासाहेबांपुढं उभं केलं त्यांच्या डोक्याची. त्यांना कळलं होतं, आंबेडकरांना पाडायचं तर सवर्ण माणूस उपयोगाचा नाही, आपल्याच मुलाबाळांना ज्याचं नाव आवडतं असा माणूस पाहिजे. ही युक्ती जुनी झालेली नाही.

निकाल लागला. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. फरक २,०२० चा. आणि ध्यानात ठेवा, ही १३,२४५ माणसं नव्हेत, मतं आहेत. त्यांत कितीतरी ढीग असणार. माणसं त्याहून कमी. कुणीतरी चार-पाचशे भिडस्त आबा त्या दिवशी आत जाऊन मतं वाटून आले असते, तर फरक किती उरला असता याचा विचार करा.

बाहेरगावी भाऊराव गायकवाड नाशकातून आले, पुण्याकडून भोळे, नगरकडून रोहम, बेळगावकडून वराळे. सतरांपैकी दोन-तीन सोडले तर सारे निवडून आले. आणि प्रांतातल्या १५ राखीव जागांपैकी काँग्रेसच्या हाती लागल्या फक्त ४. याची किंमत शेजारचा आकडा बघितल्याशिवाय कळत नाही. मद्रास प्रांतात ३० राखीव जागा होत्या, त्यातल्या २६ काँग्रेसनं घेतल्या. बिहारमध्ये १५ पैकी ११. करार तोच, कायदा तोच, वर्ष तेच. मग मुंबईत असं का झालं? नुसत्या ढिगाच्या मतामुळं झालं असं आम्ही म्हणत नाही. रीत कितीही सोयीची असली तरी ती वापरणारी माणसं तयार लागतात. ती १९२७ ला महाडच्या तळ्यावर तयार झाली, १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराच्या दाराशी मार खाऊन तयार झाली, आणि गिरणगावच्या खोल्यांतून चिंचोके मोजून तयार झाली.

सत्ता मिळाली नाही. ८६ जागा घेऊन काँग्रेस सगळ्यांत मोठा पक्ष झाला आणि जुलैमध्ये बाळासाहेब खेर पंतप्रधान झाले. तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तसंच म्हणत. पण पंधरा-चौदा माणसांनी विरोधी बाकावरून काय केलं ते सांगितलं नाही तर मतांचा हिशोब अर्धाच राहील. सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी कोकणातली खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं. त्यात राबणारा नुसता महार नव्हता, कुणबीही होता. १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून आले, त्यात कुणब्यांच्या पोरांच्या खांद्याला आपल्या पोरांचा खांदा लागला. महार वतनाचंही बिल आणलं. दोन्ही बिलं त्या सभेत पास झाली नाहीत. खोती गेली १९४९ च्या कायद्यानं, आणि वतन १९५८ च्या. बिलं पडली म्हणून वाया गेली असं आम्हांला वाटत नाही. ज्या सभागृहात पूर्वी आपला एक नेमलेला माणूस अंग चोरून बसायचा, तिथं आपल्या मतांनी निवडून आलेला माणूस खोतांच्या पोटावर पाय देऊन उभा राहिला.

आणि १९३८ च्या नोव्हेंबरात संपावर बंधनं घालणाऱ्या बिलाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. ७ नोव्हेंबर. बाबासाहेब, कॉम्रेड डांगे, जमनादास मेहता एका व्यासपीठावर. गोळीबार झाला. आमचा आजा त्या दिवशी कामगार मैदानावर होता. त्याची ती गोष्ट वेगळी आहे, पुन्हा कधी बोलावलंत तर सांगू.

आता शेवटचं. मंडळी चुळबुळ करायला लागली आहेत, आणि खिरीचा वास आम्हांलाही येतोय.

प्रौढ मतदान आलं. बाबासाहेबांनी १९२८ ला मागितलं ते त्यांनीच लिहिलेल्या घटनेत बसलं. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत आज्याला मत मिळालं. वय सेहेचाळीस. आजीलाही मिळालं. मतदारसंघ उत्तर मुंबई, लोकसभेच्या जागा दोन, त्यातली एक राखीव, त्यावर बाबासाहेब उभे. मतदाराला मतं दोन. पण आता नियम बदलला होता. दोन्ही मतं एका उमेदवाराला देता येत नव्हती. दिली तर एकच धरणार, दुसरं बाद. फेडरेशनचे आणि समाजवादी पक्षाचे कार्यकर्ते हे सांगत होते, एक बाबासाहेबांना आणि एक अशोक मेहतांना द्या म्हणून. पण ज्यानं सदतीस साली रात्र-रात्र चिंचोके मोजले होते, त्याच्या डोक्यात ते शिरलं नाही. आज्याला वाटलं, दुसरं मत मागणारा हा नवा जॉबर आहे. अशोक मेहता कोण, कुठले, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं दोन्ही मतं बाबासाहेबांच्या पेटीत टाकली. आजीलाही तसंच सांगितलं.

बाबासाहेबांना १,२३,५७६ मतं पडली, आणि ते हरले. १९३७ ला तेरा हजारांत आले आणि आता सव्वा लाखाला पोचूनही पडले. काँग्रेसचे काजरोळकर १४,५६१ मतांनी पुढं गेले. त्या मतदारसंघात ७४,३३३ मतं बाद ठरली होती. त्यांवर बाबासाहेबांनी आणि अशोक मेहतांनी अर्ज केला, तक्रार अशी की मतं मुद्दाम वाया घालवायला लोकांना सांगितलं गेलं. अर्ज फेटाळला गेला. त्या बाद मतांत कुणी डाव म्हणून वाया घालवलेली असतील, कुणी न समजून.

अशा दोन जागांच्या मतदारसंघांची पद्धतच १९६१ च्या कायद्यानं बंद झाली. ही सगळी हकिकत आज्यानं आम्हांला सांगितली तेव्हा आम्ही सातवीत होतो, आणि त्या वर्षीचा गिरण्यांचा संप चालू होता. आम्ही हिशोब घालून त्याला समजावायला गेलो, की आजोबा, तुमच्या दुसऱ्या मतानं बाबासाहेबांचं काही कमी झालं नाही, ते नुसतं बाद झालं, वाईट वाटून घेऊ नका. तो म्हणाला, 'बाद झालं हे ठाव हाय मला. पर मला कुनी चिंचोकं मांडून दाखवलं न्हाई.'

जय भीम.